जिन्याचे तीन खांब

दुबई मरीनाहून साठीच्या एक अमेरिकन बाई आमच्या शारजाच्या वर्कशॉपमध्ये आल्या, तेव्हा ऑफिसात मीच होते. टॉवेलात गुंडाळलेला एक लाकडी खांब त्यांनी टेबलावर ठेवला. जिन्याच्या कठड्याचा. तसे तीन नवे हवे होते.

घर अमेरिकेतलं, फार जुनं. बांधणारा नावाजलेला माणूस, पण तो गेल्यावर दिवाणखान्यात गुरं बांधायची वेळ आली. बाईंच्या पणजोबांनी ते घेतलं, छप्पर घातलं. बाईंच्या या ज्यू कुटुंबानं तीन पिढ्या ते सांभाळलं आणि मग लोकांना बघता यावं म्हणून ट्रस्टला देऊन टाकलं.

"तरी प्रत्येक पिढीनं एक तरी दुरुस्ती करून द्यायची, असं आमच्यात ठरलंय," बाई म्हणाल्या. "मी मुलाकडे इथे राहते. आता माझी पाळी, आणि मला तर खिळासुद्धा ठोकता येत नाही!"

मी अब्बांना मराठीत सगळं सांगितलं. रत्नागिरीहून आल्यापासून अब्बा लाकडातच आहेत; पण हल्ली सगळं मशीन कापतं, म्हणून जरा कंटाळलेले. त्यांनी चष्मा चढवला, खांबावर नख फिरवलं.

"विचार गो त्यांना, घरात कोणी डावखुरं होतं काय? खाली तुकडा जोडलाय. पटाशीचे घाव उलटे आहेत."

मी विचारलं. बाई "माझे आजोबा!" म्हणून अशा ओरडल्या की कामगार मशीन थांबवून बघायला लागले. आजोबांनी नेमकं काय दुरुस्त केलं होतं, ते घरात कुणालाच माहीत नव्हतं.

अब्बांनी अक्रोडाचं लाकूड मिळवलं आणि लाकूड कातायचा जुना लेथ पुसून काढला. बाई दर शुक्रवारी सकाळी यायच्या. दुपारी अब्बांना जुम्म्याची नमाज, बाईंना सूर्यास्ताआधी शब्बाथची, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाची, तयारी. तेवढ्यात दोघं मोडक्या हिंदी-इंग्रजीत भरपूर बोलून घ्यायचे. एक खांब अब्बांनी स्वतःच नापास करून पुन्हा केला.

तिन्ही खांब घेऊन बाई अमेरिकेला गेल्या आणि महिन्याभरानं त्या घरातून व्हिडिओ कॉल आला. बाई जिन्यात उभ्या होत्या, मागे त्यांची बहीण.

"हिलाके देखो!" अब्बा म्हणाले.

दोघींनी कठडा गदागदा हलवला. जरासुद्धा हलला नाही.

"खलास, काम झालं!" अब्बा हसले, आणि सगळ्या वर्कशॉपसाठी दाट दुधाचा करक चहा मागवला.