आत्याच्या टेबलावर उघडणारा नकाशा

आमची आत्या पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायची. शहराच्या पोटातून कुठली पाइपलाइन कुठे वळते, कुठे गळते, हे तिला तोंडपाठ. घरात मात्र डोक्यावर चढवलेला चष्मा सापडायचा नाही. रविवारीसुद्धा डबा घेऊन ऑफिस गाठायची, कारण नकाशाचा प्रोग्रॅम तिथल्या लिनक्स कंप्युटरवरच चालायचा. घरून उघडायचा प्रयत्न तिनं एकदा केला होता, तेव्हा काहीच दिसलं नाही. तो नाद तिनं तिथेच सोडला.

ती निवृत्त झाल्यावरही तिचा कंप्युटर तसाच चालू होता. मग एका दुपारी तिच्या जागी आलेल्या मुलीचा फोन आला. नवी यंत्रणा आली होती, आणि आत्याचा कंप्युटर त्याच संध्याकाळी कायमचा बंद होणार होता. आत्याला आपला नकाशा शेवटचा बघायचा होता. गुडघे साथ देईनात, म्हणून तिनं माझा लॅपटॉप पुढ्यात ओढला.

ऑफिसच्या कंप्युटरशी जोडणी लगेच झाली. काळ्या पडद्यावर तिच्या फायलींची नावं आली. तिनं नकाशा उघडायला सांगितला, तर तो ढिम्म. चूकही दाखवेना, चित्रही दाखवेना. जोडतानाच ‘चित्रं इकडे पाठव’ असं सांगावं लागतं, ते राहिलं असेल म्हणून तिनं पुन्हा नीट जोडणी केली. तरी तेच. मी घड्याळाकडे बघितलं की ती माझ्यावरच डाफरायची.

तेवढ्यात त्या मुलीचा पुन्हा फोन आला.

"बाई, तुमच्या टेबलावर नकाशे उघडतायत हो. एकावर एक. खुर्चीत तर कुणीच नाही."

आत्या आधी हसत सुटली, मग तिनं कपाळावर हात मारला. नोकरीत नवी असताना तिनंच स्वतःच्या सेटिंगमध्ये एक ओळ लिहून ठेवली होती: काहीही उघडलं तरी याच टेबलावरच्या पडद्यावर दिसलं पाहिजे. कंप्युटर बिचारा इमानेइतबारे तेच करत होता.

ओळ सापडली, पण पुसायला तिचा हात होईना. ती ओळ गेली की ते टेबलही गेलं, असं तिला वाटत असावं. शेवटी तिनं ती पुसली आणि पुन्हा जोडणी केली.

नकाशा आला. रखडत आला, आधी मोठ्या पाइपलाइन, मग गल्लीबोळ. मला आनंद आवरेना. आत्या मात्र पडद्याकडे बघतच नव्हती.

"दादा अंथरुणाला खिळला होता ना, तेव्हाही मी रविवारी ऑफिसात जायचे," ती म्हणाली. दादा म्हणजे माझे बाबा. "त्याच्या उशाशी बसून झालं असतं गं हे सगळं."

मी खुर्ची तिच्याजवळ सरकवली, आणि तिकडून कंप्युटर बंद होईपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.