मला पळवा, उस्ताद

तुरीवर फवारणी सुरू झाली की त्या उग्र वासानं मला भूमजवळच्या शेतातली एक दुपार आठवते. मी पलटणीत हवालदार, जवानांना कवायत शिकवणारा उस्ताद होतो आणि सुट्टीवर लोहाऱ्याला आलो होतो. आमच्याच तुकडीतला एक जवान सुट्टी संपूनही परतला नव्हता, म्हणून साहेबांनी फोन करून मला त्याच्या शेतातल्या घरी पाठवलं. त्याचे वडील दारातच म्हणाले, "लई लाडावलाय. रगडा लावा, दमस्तोवर पळवा, सरळ व्हईल." जवान विहिरीच्या काठावर एकटाच उभा होता. मला पाहताच सावधान होऊन तो शांतपणे म्हणाला, "मला पडेपर्यंत पळवा, उस्ताद. फकस्त काय इचारू नका." शिक्षा टाळणारे खूप पाहिले होते, मागणारा हा पहिलाच. त्याच्या अंगाला फवारणीच्या औषधाचा वास येत होता आणि रानात तर एकही पीक उभं नव्हतं. मी त्याच्या आणि विहिरीच्या मधे जाऊन बसलो. "पळायचं न्हाय. बस इथं." वडील बांधावरून रागानं बघत होते. बऱ्याच वेळानं तो बसला. "डोळं मिटलं की दरीत पडून गेलेला आपला दोस्त हाका मारतो," म्हणाला आणि खिशातली बाटली त्यानं माझ्या हातात दिली. झाकण उघडून परत लावलेलं होतं, औषध मात्र भरलेलं होतं. मी ती पिशवीत लपवली आणि त्याला घेऊन थेट लष्करी दवाखाना गाठला. आज तो बरा आहे. त्याचे वडील मात्र भेटले की अजून विचारतात, "तवा त्याला पळवला का न्हाय?" बाटलीचं त्यांना आजही ठाऊक नाही. मी कप पुढं करून आणखी चहा मागतो.