पहाटे पाचला उठणाऱ्या मास्तरांची डायरी

एकोणिसाव्या शतकातलं इंग्लंड शिकवायला मी मारुंजीहून चिखलीच्या कॉलेजात जातो. तास सकाळी आठचा. समोरची निम्मी मुलं चाकणला रात्रपाळी करून थेट येतात, मी घरी झोपून येतो. तरी दमलेला मीच दिसतो.

गेल्या वर्षी प्राचार्यांनी बजावलं, की या विषयाला मुलं येत नाहीत, त्यांचं काही काम दाखवा, मग पुढं ठेवायचा की नाही ते बघू. विषय गेला की तासावर पैसे घेणारा मीही गेलो.

तेव्हा मला डायऱ्या आठवल्या. त्या काळातले मंत्री आणि बड्या घरच्या बायका डायऱ्या फार लिहायच्या. मंत्री लिहितो, माझ्या भाषणानं सभागृह स्तब्ध झालं. गॅलरीतली बाई त्याच दिवशी लिहिते, लोक पेंगत होते. दोन्ही शेजारी ठेवल्या की जरा इतिहास दिसतो. हे स्वतः करून कळावं म्हणून मुलांना आठवडाभर डायरी लिहायला सांगितली, वर मार्क ठेवले, आणि नमुना म्हणून माझीही वाटली.

वह्या आल्या. सगळ्यांनी एकच लिहिलेलं: आज सरांचा तास माहितीपूर्ण झाला. एकानं तर रविवारीही.

खरं लिहायला काय होतं रे, म्हणून मी वर्गात वैतागलो. मागच्या बाकावर चाकणजवळच्या खेड्यातला, गोदामात फोर्कलिफ्ट चालवणारा एक जण बसतो. तो शांतपणे म्हणाला, "सर, तुमी तरी कुठं लिवलंय? रोज पहाटं पाचला उठून वाचन, असं हाय तुमच्या डायरीत. मग साडेआठपर्यंत आमी दाराबाहेर कुणाची वाट बघतो?"

"वाचत असतील राव," शेजारचा म्हणाला, "हिंजवडीच्या ट्रॅफिकमधी."

मी खरं तर सातला उठतो. भांडायचं त्राण नव्हतं. म्हटलं, हेच लिहा. माझी डायरी आणि तुम्ही पाहिलेलं, शेजारी शेजारी.

या वेळी पोरं मनापासून लिहीत सुटली. एकीनं गेटवरच्या वॉचमनला विचारलं. एकानं 'पाच मिनिटांत पोचतो' हे माझे ग्रुपवरचे सगळे मेसेज वेळेसकट उतरवले. फोर्कलिफ्टवाल्यानं लिहिलं, की डायरीवाला खोटारडा नसतो, त्याला जसं असावंसं वाटतं तसं तो लिहितो; म्हणून डायरीतून त्याची उठायची वेळ काढू नये, त्याला लाज कशाची वाटते ते काढावं. मी वर्षभर घसा कोरडा करून हेच सांगत होतो, पण इतकं सरळ मला जमलं नव्हतं.

आता दाखवण्याजोग्या वह्या एवढ्याच, आणि प्रत्येकीत मी उशिरा. रविवारच्या तासाचं कौतुक करणारा गठ्ठाही टेबलावर होताच. बराच वेळ मी दोन्हींकडं बघत बसलो. मग खरा उचलला.

प्राचार्यांनी मान वर न करता वाचलं. मध्ये एकदा रुमाल तोंडाशी नेला.

"यातला अभ्यास कुठला आणि तक्रार कुठली?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही एकच आहे, सर."

त्यांनी विषय ठेवल्याचं पत्र दिलं आणि उशिरा येण्याबद्दल मेमोही. मी दोन्ही कागदांवर सह्या केल्या, स्टाफरूममध्ये आलो आणि टेबलावर डोकं टेकून झोपलो.