मैनाताईंच्या संगणकावर न दिसणारा विपुल

मानकोलीच्या मैना म्हात्रे आगरी मुलामुलींची लग्नं जुळवतात. शेतावर गोदाम उभं राहिलं, भातलावणी संपली, आणि रिकामे हात त्यांना सोसवेनात. गावोगावची नाती तोंडपाठ होतीच. लोक विचारत, त्या सांगत. पुढे सून मृणालीने त्यांच्यासाठी स्थळांची वेबसाइट करून दिली आणि पन्नाशीत मैनाताई माऊस धरायला शिकल्या. ओटीवरच्या टेबलाशी चष्मा लावून बसल्या, की वाटेने जाणारे म्हणत, "मैनाचं हापिस सुरू झालं."

त्या दिवशी दुपारी दापोड्याचे लडकू पाटील आले. माणूस ट्रान्सपोर्टवाला, आवाज मोठा. चप्पल काढायच्या आधीच सुरू झाले.

"वैनी, माझ्या पोरानं तुमचं काय घोडं मारलंय?"

"काय झालं, लडकूशेठ?"

"विपुलला चार चार वेळा लावलाय तुम्ही! लोक फोन करून हसतात. म्हणतात, याचं कुठंच जमत न्हाय वाटतं."

मैनाताई चाटच पडल्या. चार वेळा? त्यांच्या हिशेबी विपुल वेबसाइटवर एकदाही चढला नव्हता. रोज सकाळी त्या त्याचा फोटो, शिक्षण, उंची सगळं भरत, बटण दाबत, आणि पान उघडून बघत, तर विपुलचा पत्ता नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा. मशीन सुस्तावलंय, असं त्या धरून चालल्या होत्या.

"हे बघा ना," त्यांनी स्क्रीन लडकूंकडे वळवली. "हाय का कुठं?"

लडकूंनी आपला मोबाइल पुढे केला. त्याच वेबसाइटवर, त्याच पानावर, निळ्या शर्टातला विपुल चारदा हसत होता. मैनाताईंनी एकदा मोबाइलकडे बघितलं, एकदा संगणकाकडे. मग चष्मा पुसला. काही फरक पडला नाही.

"एकच दुकान, तुमच्या दारातून माल दिसतो, माझ्या दारातून न्हाय. असं कसं?"

"ते मला काय विचारता? तीन काढून टाका, बस."

पण काढणार कशा? जे दिसतच नव्हतं, त्याच्यावर बोट ठेवायचं कुठे?

त्यांनी मृणालीला फोन लावला. ती बाळंतपणासाठी शहापूरला माहेरी होती. "आई, आधी प्रायव्हेट विंडो उघडा," ती म्हणाली. वर उजवीकडच्या तीन टिंबांवरून ती काळी खिडकी कशीबशी उघडली, पत्ता टाकला, आणि चारही विपुल हजर!

"अगं, दिसला! म्हणजे झालं ना बरं?"

"नाही आई, आता कळलं दुखणं कुठंय ते. वेबसाइट ठीक आहे. तुमच्या नेहमीच्या ब्राउझरला काहीतरी जोडलेलं आहे, ते आड येतंय. त्या काळ्या खिडकीत ते चालत नाही."

"मी काय जोडणार? मला वायरसुद्धा जोडता येत न्हाय."

"वायर नाही हो. एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम. त्यांची यादी उघडा आणि सगळे बंद करा."

यादीत बरीच चित्रं निघाली. काही मैनाताईंनी जन्मात बघितली नव्हती. सगळ्यांची बटणं बंद केली, पान पुन्हा उघडलं. विपुल आला, पण आता मराठी उमटेना. काहीही टाइप केलं की इंग्रजी अक्षरं पडत.

"बाई गं, एक आलं तर दुसरं गेलं!"

"मराठी टायपिंगचंही एक्स्टेन्शनच होतं. आता एकेक चालू करत जा, आणि दर वेळी पान बघा."

मराठीचं चालू केलं. विपुल जागेवर. खरेदीत सूट दाखवणारं कसलंसं होतं, तेही चालू केलं. विपुल जागेवर. मग लाल ढालीचं चित्र आलं. बटण दाबून पान उघडलं, तर चारही विपुल गडप.

"सापडला चोर!" लडकू टेबलावर थाप मारून म्हणाले. रागवायला आलोय, हे ते एव्हाना विसरले होते.

ती ढाल जाहिराती अडवणारी होती. वज्रेश्वरीची आरती ऐकताना मधेच साबणाची जाहिरात लागायची, म्हणून मैनाताईंनीच ती कधीतरी घेतली होती. पण जाहिरातीचा आणि विपुलचा संबंध काय?

"माझीच चूक, आई," मृणाली म्हणाली. "नव्या स्थळांच्या चौकटींना मी आतल्या आत 'अ‍ॅड' असं नाव दिलं. त्या ढालीला वाटलं, ही जाहिरातच आहे. जुन्या चौकटींचं नाव वेगळं होतं, म्हणून त्या दिसायच्या."

"म्हणजे नुसत्या नावावरून? आत कोण बसलाय ते न बघता?"

"तसंच."

मैनाताईंना हे काही पटेना. चांगला शिकलेला, निर्व्यसनी मुलगा. त्याला साबणाच्या रांगेत बसवायचं? आणि ढालीला नाव कळतं, तर तोंड का कळू नये? मृणालीने आणखी समजावलं, त्या 'हो हो' म्हणत गेल्या, डोक्यात शिरलं नाही ते नाहीच. सांगितलं तेवढं मात्र त्यांनी केलं: ढाल राहू दिली, आपल्या वेबसाइटपुरती ती बंद केली, आणि तीन विपुल पुसले.

पानावर एकच विपुल उरला. लडकू निरखून बघत राहिले.

"तुम्हाला दिसतोय, मला दिसतोय. पण लोकांना दिसतोय ना?"

सकाळी कुणी हे विचारलं असतं, तर मैनाताई हसल्या असत्या. आता त्यांनाही खात्री देता येईना. त्यांनी अंजूरच्या मैत्रिणीला, काशीला फोन केला, तिला वेबसाइट उघडायला लावली.

"दिसतोय की," काशी म्हणाली. "निळा शर्ट. पण मैने, फोटो जुना हाय का गं? परवा एका हळदीला बघितला, तर केस इतके न्हवते."

मैनाताईंनी लडकूंकडे बघितलं. लडकू चप्पल शोधायला लागले.

"उद्या नवा फोटो पाठवतो," ते दारातूनच म्हणाले, "पण वैनी, एकदाच लावा."