शंखाला टेकलेलं ऊन

घंटा, झाडू आणि मेणबत्त्या ही तिबुर्झोची चर्चमधली तीन खाती. बत्तीस वर्षांत त्यानं संतांच्या पुतळ्यांची नाकं पुसून पुसून बसकी केली होती. बोलोन्या शहराच्या पंचक्रोशीत धूळ त्याला वचकून असे.

अकरा वर्षांपूर्वी फादर आन्साल्दोंनी छपराला एक भोक पाडून घेतलं. त्यातून येणारा कवडसा भर दुपारी जमिनीतल्या पितळी पट्टीवर पडे. वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी फादर त्याच्या कडांना कोळशाच्या खुणा करत आणि पुढच्या वर्षी तो तिथंच येतो का ते पाहत. सूर्य नीट मोजला नाही तर ईस्टरची तारीख चुकेल, असं त्यांचं म्हणणं. गावाचं म्हणणं एवढंच, की देवाच्या घराला भोक कशाला? अखेर आज, त्या मोठ्या दिवशी, बिशप स्वतः येणार होते. कवडसा ठरल्या जागी आला तर भोक राहणार, नाहीतर बुजणार.

बिशप येणार म्हणून तिबुर्झोनं पहाटेपासून राखेनं फरशी घासली.

"तिबुर्झो! माझ्या खुणा?"

"निघाल्या, फादर. पण चिवट होत्या हो मेल्या!"

फादर मटकन बाकावर बसले. "अरे गाढवा, पुरावा होता तो!"

तिबुर्झोचा चेहरा पडला. मग तो पट्टीशी वाकला. तिथल्या लाल दगडात नखाएवढा एक शंख रुतलेला होता. "पण कवडशाची कड दरवर्षी ह्या शंखालाच टेकते की. टेकली की मी कपाळा-छातीवर क्रूस करतो आणि घंटेकडे पळतो."

"दरवर्षी? नक्की?"

"तुमचं डोकं वहीत असतं. मग कवडशाकडे मीच बघणार ना?"

बिशप येताच फादरांनी त्यांना सगळं खरं सांगून टाकलं.

"म्हणजे झाडूवाल्याची साक्ष?" बिशपनी भुवया उंचावल्या.

"माझी वही दोनदा भिजलीय, महाराज. हा अकरा वर्षांत एकदाही चुकलेला नाही."

पडदे ओढले गेले. कवडसा गोगलगाईसारखा सरकत पट्टीवर आला. तिबुर्झो शंखाशी वाकला. उन्हाची कड शंखाला अलगद टेकली, तसा त्याचा हात आपोआप कपाळाकडे गेला. ते पाहून बिशपनीही क्रूस केला. फादर तेवढे गुडघ्यांवर बसून कंपासनं मोजत होते.

"केवढी भक्ती!" बिशप त्यांच्याकडे बघून पुटपुटले. "भोक राहू दे. पण पाऊस आला तर?"

"मी बादली ठेवतो, महाराज," तिबुर्झो म्हणाला आणि घंटेकडे पळाला.