काळा विंचू विरुद्ध पांढरा वाघ

रविवारचं मटण अंगावर येतं, मागोमाग झोप. पंख्याचा आवाज आधी पंख्याचा असतो, मग टाळ्यांचा होतो. डोळे मिटलेत का हे बघायला मी डोळे उघडतो, तर मिरजेच्या दवाखान्यातला वॉर्ड. पलंगाला चारी बाजूंनी दोर बांधलेत. आत माझा आज्जा, आईचे वडील, काळ्या चड्डीत उभा. जाऊन त्याला सात महिने झालेत, पण पोट तेवढंच आहे.

"चपला काढून ये," तो म्हणतो. "रिंग हाय ही."

मी काढतो. नर्स शिट्टी वाजवते आणि माझी नखं तपासते.

ऐंशीच्या दशकात आज्जा फ्रीस्टाईल कुस्तीच्या एका फिरत्या कंपनीत 'काळा विंचू' होता. जयसिंगपूरचा रावसाहेब मगदूम 'पांढरा वाघ'. गावोगाव दोघांचं हाडवैर चालायचं. लोक आज्जावर चपला फेकायचे. आज्जी त्यातले जोड जुळवून वापरायची. मालकाचा नियम एकच: वैरी रिंगबाहेर एकत्र दिसायचे नाहीत. दोघांना वेगळा टेम्पो, वेगळा चहा. आज्जा तर घरीसुद्धा जेवायच्या आधी मगदूमला एक शिवी द्यायचा. लहानपणी मला तो श्लोक वाटायचा.

म्हणूनच आज्जाच्या शेवटच्या आठवड्यात मगदूम मोसंबीची पिशवी घेऊन वॉर्डच्या दारात आला, तेव्हा मी म्हणालो, "आयुष्यभर छळलंत तेवढं पुरे. निघा." मला स्वतःचा अभिमानही वाटला.

तेराव्यानंतर आज्जाच्या ट्रंकेत एक फोटो सापडला. दोन धिप्पाड माणसं एका कागदातली भेळ खाताहेत. ओळखू येऊ नये म्हणून दोघांनी डोक्यावरून टॉवेल गुंडाळलेत. टॉवेलांवर 'विंचू' आणि 'वाघ' असं भरतकाम आहे.

आता वॉर्डात एसटी स्टँड आहे. पेशंट सलाईन धरून जयसिंगपूरच्या गाडीची वाट बघताहेत.

"मगदम्या आला न्हाई व्हय रं?" आज्जा विचारतो. दवाखान्यातही त्यानं हेच विचारलं होतं, आणि मी 'कुणी नाही आलं' म्हणालो होतो.

"आला होता, आज्जा. मी हाकलला."

तो दोराला टेकतो. गाडी येते, कुणीच चढत नाही.

"काय बोलला?"

"काही नाही. मान खाली घातली आणि मोसंबी घेऊन परत गेला."

"खेळ सांभाळला गड्यानं," आज्जा म्हणतो.

"पण तू तरी सांगायचंस ना. कंपनी सत्त्याऐंशीतच बंद पडली."

"आमास्नी कुणी कळवलंच न्हाई की, आता सोडा म्हणून."

मी दोराखालून आत शिरतो.

"चुकलं माझं," मी म्हणतो.

"हात आण." तो माझं मनगट धरतो. "डाव टाकला की वरच्यानं दोनदा दाबायचं. म्हंजे, 'दुखतंय का?' खालच्यानं एकदा दाबलं तर, 'न्हाई, चालू दे.' हजार माणसं बोंबलत असायची, पर आमचं एवढंच बोलणं." अंगठा दोनदा रुततो. "हे त्येला दे."

"आणि त्यानं उलट दाबलंच नाही तर?"

"तर मग दुखतंय," आज्जा म्हणतो. नर्स तीन मोजते.

मी घरच्या पलंगावर. पंखा पंख्यासारखा. मनगटाच्या आतल्या बाजूला दोन लाल वळ, शेजारी शेजारी, अंगठ्याएवढे. आई म्हणते उशीची शिवण असेल. उशीला शिवण एकच आहे.

सव्वाचारला जयसिंगपूरची गाडी आहे. मी एका हातानं शर्टाची बटणं लावतोय. दुसरा हात हलवत नाही, कारण वळ आत्ताच फिकट व्हायला लागलेत.