दोरा वाचणाऱ्या पवारकाकू

पवारकाकू माणसाच्या तोंडाकडे आधी कधी पाहत नसत. कपड्याची कड चिमटीत धरून त्या एक दोरा उपसत आणि तो घेऊन पार फाटकाजवळच्या वॉचमनच्या केबिनपर्यंत चालत जात. तिथे काडी ओढत. दोरा सुती असला तर कागदासारखा जळून त्याची राख होई. पॉलिस्टर असला तर वितळून टोकाला काळा, टणक मणी धरी. मणी धरला की परत येऊन एवढंच म्हणत, "आत नाही जायचं."

कारेलीबागेतल्या एका नव्या खासगी हॉस्पिटलात त्या ऑक्सिजनच्या टाकीवर होत्या. टाकी म्हणजे माणूस आडवा मावेल एवढं नळकांडं. दार लावून आत शुद्ध ऑक्सिजन दाबाने भरायचा, म्हणजे न भरणाऱ्या जखमा भरू लागतात. माझ्या बाबांना मधुमेह होता. उजव्या पायाच्या अंगठ्याची जखम काळी पडत चालली होती. ही सीटिंग्ज लागू पडली नाहीत तर पाऊल कापावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

पहिल्याच दिवशी काकूंनी बाबांना अडवलं. बाबांनी मुद्दाम नवा लेंगा-झब्बा घातला होता. मी कॉलरवरची पट्टी दाखवत पुटपुटले, "यावर प्युअर कॉटन लिहिलंय."

"तू लेबल वाच," काकू म्हणाल्या. "मी दोरा वाचते."

मणी धरला. मग त्यांनी घड्याळ काढायला लावलं, डोक्याचं तेल धुऊन यायला सांगितलं, गुडघ्याला बाम चोळलाय का ते वास घेऊन पाहिलं. लेंग्याची नाडी नायलॉनची निघाली, तीही ओढून काढली. आयुष्यभर बँकेत टाय लावून बसलेले माझे बाबा दहा माणसांसमोर लेंगा मुठीत धरून उभे होते. शेजारची एक बाई तोंडाला पदर लावून हसली. हॉस्पिटलचे सुती गाऊन त्या दिवशी धुवायला गेले होते, म्हणून सीटिंग बुडालं.

मला कोणाशी तोंडावर भांडता येत नाही. पण कॉन्व्हेंटच्या शिक्षणाने मला लिहिता येतं. घरी येऊन मी एक पानभर इंग्रजी तक्रार लिहिली. त्यात 'ॲरोगंट' होतं, 'इन्ह्यूमन' होतं. दुसऱ्या दिवशी बाबांना न सांगता ती गुजराती मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती वाचली आणि म्हणाले, "व्हेरी वेल रिटन, बेन." मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचा मला आज संताप येतो.

कारण पुढच्या पंधरा दिवसांत मी काकूंना रोज पाहिलं. लिपस्टिक लावून आलेल्या बाईंना त्या सांगत, "बेन, लग्नाला नाही जायचं, टाकीत जायचंय. पुसून या." खिशात मोबाइल ठेवून आलेल्या शेठना म्हणत, "शेठ, आत कोणाचा फोन यायचाय? यमाचा?" सगळे चिडत. काकू त्यांच्याहून जास्त चिडत. बाबांनी एकदा विचारलं, "पवारबाई, एवढं कशाला?" तेव्हा म्हणाल्या, "साहेब, नायलॉन घासलं की ठिणगी पडते. बाहेर पडली तर कळतही नाही. आत पडली तर मी काचेतून बघत बसायचं. दाब उतरल्याशिवाय दार उघडत नाही." त्यांचे यजमान कापडगिरणीत होते. गिरणी बंद पडली, यजमान गेले, दोरा ओळखायची विद्या तेवढी घरात राहिली होती.

बाबांच्या जखमेच्या कडा गुलाबी दिसू लागल्या. त्याच आठवड्यात हॉस्पिटलने पेशंटसाठी नवे गाऊन आणले. आकाशी, चकचकीत, खिशावर हॉस्पिटलचं चिन्ह. काकू दोरा घेऊन फाटकाकडे गेल्या आणि परत आल्या त्या तळहातावर मणी घेऊनच.

"साहेब, हे सुती नाही."

"पवारबेन, सप्लायरनं सर्टिफिकेट दिलंय."

"सर्टिफिकेट आत झोपणार नाही. हे गृहस्थ झोपणार आहेत." त्यांनी बाबांकडे बोट दाखवलं. बाबांच्या अंगात तो आकाशी गाऊन होता. "जुने गाऊन काढा, नाहीतर आज सीटिंग नाही." आणि त्यांनी खोलीला कुलूप घालून किल्ली कमरेला खोचली.

बाकावरचे पेशंट ओरडायला लागले. मॅनेजर आत जाऊन एक फाइल घेऊन आले. "आ पहेली वार नथी, ही पहिलीच वेळ नाही," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पेशंटच्या घरच्यांची लेखी कम्प्लेंट आहे." आणि त्यांनी माझं पत्र वाचायला सुरुवात केली. काकूंना इंग्रजी येत नव्हतं. शेवटी माझं नाव आलं, ते मात्र कळलं. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. बाबांनीही.

"बरोबर ने, बेन?" मॅनेजरनी विचारलं.

एक 'नाही' पुरलं असतं. मी त्यांच्या हातातल्या माझ्या सहीकडे पाहत राहिले. बाबांनी गाऊन काढून मॅनेजरच्या टेबलावर टाकला, उघड्या अंगावर पंचा घेतला आणि लंगडत बाहेर गेले. मी मागोमाग गेले, मान खाली घालून.

दुसऱ्या दिवशी काकूंच्या जागी एक मुलगी होती. ती कोणाचीच कड धरत नव्हती. काकूंना परत घ्या म्हणून मी दुसरं पत्र लिहिलं, तेही इंग्रजीत, पहिल्याहून चांगलं. त्याला उत्तर आलं नाही. टाकी शहरात आम्हाला माहीत असलेली ती एकच होती आणि पाऊल वाचवायचं होतं. मी आजोबांचं जुनं धोतर फाडलं आणि हाताने एक गाऊन शिवला. मग तो पिशवीत घालून शहराच्या दुसऱ्या टोकाला, समा भागात, काकूंचं घर शोधत गेले.

त्यांनी दार उघडलं. बस म्हणाल्या नाहीत.

"पत्र फार छान होतं म्हणे," त्या म्हणाल्या. "स्पेलिंगची एक चूक नव्हती."

"काकू, मी..."

"साहेबांचा पाय कसा आहे?"

"भरतोय."

"आण इकडे."

मी पिशवीतला गाऊन काढून दिला. कापडाकडे त्यांनी पाहिलंही नाही, उलटा करून शिवण पाहिली. "शिवलास कशाने? रिळाचा दोरा पॉलिस्टरचा असतो."

"धोतराच्याच कडेचे दोरे काढले. त्यांनीच शिवलं."

त्यांनी शिवणीतला एक दोरा उपसला, ओट्यावरची काडेपेटी घेतली आणि मागच्या अंगणात जाऊन काडी ओढली. दोरा कागदासारखा जळला. बोटावरची राख त्यांनी फुंकरीने उडवली, गाऊनची घडी घालून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "हा चालेल."

मग त्यांनी दार लावून घेतलं.